कुळाचा बोकड थकलाय, अमावस्येला रक्त द्यावंच लागेल असं कुणी सांगितलं तर काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात परत मांडतो. तुमचं माहेर फलटणकडचं, घरात सगळे माळकरी, सासर वेंगुर्ल्याकडचं, तिकडे मासे-मटण सगळं चालतं, आणि तुम्ही दोघं आता पिंपरीत राहता. मिस्टरांचं वर्कशॉप तोट्यात, दिराचं जमलेलं लग्न मोडलं, सासूबाईंना शुगर आणि त्यात पायाची जखम भरत नाहीये. कुणीतरी एका मांत्रिकाचा नंबर दिला आणि त्याने फोनवरच सांगून टाकलं की तुमच्या सासरच्या कुळाचा बोकड थकलाय म्हणजे द्यायचा राहून गेलाय, चाळ्याचं (एखाद्या जागेवरच्या भूतासारख्या शक्तीचं) देणं राहिलंय, येत्या अमावस्येला काळा बोकड दिला नाही तर घरातलं माणूस जाईल. 41 हजार खर्च, 11 हजार आधी, बळी तो त्याच्या जागेवर देणार आणि तुम्हाला व्हिडिओ पाठवणार. तुमचं विचारणं असं की बळी खरंच लागतो का, त्याऐवजी कोहळा-नारळ चालेल का, आणि दिलाच नाही तर कोप होईल का.

आधी दोन गोष्टी सांगतो कारण त्या थांबण्यासारख्या नाहीत. सासूबाईंना उद्याच्या उद्या डॉक्टरकडे न्या, शुगरच्या पेशंटला पायाची जखम म्हणजे साधी गोष्ट नाही, त्यात पाय जायची वेळ येते आणि तिथे अमावस्येची वाट बघत बसायचं नसतं. आणि दुसरं, त्या माणसाला एक रुपया पाठवू नका. का, ते खाली सविस्तर लिहितो, पण हे आत्ताच ठरवून टाका.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घाडीपण आहे, सिंधुदुर्गातच. गावाच्या देवळात गाऱ्हाणं घालणं, लोकांच्या घराकडची राखण देणं, कुणाला काही बाधा झाली असं वाटलं तर उतारा करणं, हे सगळं मी आजोबांच्या मागे फिरून शिकलो आणि अजून करतो. स्वतःची देवीची उपासना वेगळी. म्हणजे बळी हा विषय मी पुस्तकात वाचलेला नाही, कोंबडा हातात धरलेला आहे. त्यामुळे "हे सगळं थोतांड, सोडून द्या" असं मी म्हणणार नाही आणि "परंपरा आहे, करा गुपचूप" असंही म्हणणार नाही.

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन वेगवेगळे प्रश्न एकात एक अडकलेत. सासरच्या कुळाचं खरंच काही देणं आहे का, हा एक. रक्त दिल्याशिवाय प्रयोग फळत नाही का, हा दुसरा. आणि हा फोनवरचा माणूस कोण, हा तिसरा. तो मांत्रिक काय करतोय तर पहिल्या प्रश्नाची भीती घालून दुसऱ्याचं उत्तर विकतोय.

आता बळी म्हणजे नेमकं काय चालतं ते बघू. आमच्याकडे जनावर दिलं जातं ते ढोबळमानाने दोन प्रकारे, आणि हे दोन प्रकार लोक कायम एकत्र करतात म्हणून सगळा घोळ होतो.

पहिला प्रकार मानाचा. राखण त्यातलीच. घराला, बागेला, शेताला एक राखणदार असतो अशी श्रद्धा आहे, वर्षातून एकदा त्याच्या जागेवर जाऊन नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, "बा देवा म्हाराजा" म्हणून सगळ्या घराचं नाव घ्यायचं, जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, मग कोंबडा द्यायचा. तिथेच चुलवण मांडून शिजवायचा, केळीच्या पानावर राखणदाराची वाडी, म्हणजे नैवेद्य, दाखवायची, आणि मग सगळ्यांनी तिथेच बसून जेवायचं. आमच्या घरी उरलेलं घरात परत आणत नाहीत, म्हणून शेजारपाजारच्यांना बोलवावंच लागतं. भावाभावांत बोलणं बंद असलं तरी त्या दिवशी दोघेही येतात. म्हणजे त्या बळीत जागा ठरलेली, दिवस ठरलेला, देणारे ठरलेले, आणि खाणारेही ठरलेले. यातलं एक जरी काढलं तरी ती राखण राहत नाही.

दुसरा प्रकार उताऱ्याचा. माणूस आजारी आहे, काहीतरी लागलंय असं वाटतंय, तर त्याच्यावरून कोंबडं किंवा पिल्लू उतरवायचं आणि तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, नाहीतर व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या कडेला नेऊन टाकायचं. हे कोणी खात नाही, कारण माणसावरची पीडा त्या जिवावर गेली असं मानतात. जिवाला जीव. तुम्ही ज्याला जादू म्हणाल ती ही बाजू.

हा फरक फक्त आपल्याकडेच आहे असं नाही बरं का. क्यूबातून अमेरिकेत गेलेल्या लोकांचा सांतेरिया म्हणून पंथ आहे, त्यात कोंबडे-बकरे देतात. फ्लोरिडातल्या हायलीया शहराने त्यावर बंदी घातली तर प्रकरण थेट त्यांच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1993 मध्ये कोर्टाने ती बंदी रद्द केली. त्या निकालातच नोंद आहे की बळीचं जनावर शिजवून खातात, फक्त आजार बरा करण्याच्या आणि मृत्यूच्या विधीतलं खात नाहीत. समुद्रापलीकडची माणसं, आपला त्यांचा काही संबंध नाही, आणि नेमकी तीच रेघ त्यांनीही ओढलेली आहे. म्हणून मला वाटतं की हा फरक वरवरचा नाही.

तर आता तुमच्या मांत्रिकाचा बोकड यातल्या कुठल्या प्रकारात बसतो ते तुम्हीच बघा. मानाचा म्हणावा तर जागा त्याची, तुमच्या कुळाची नाही. भावबंद नाहीत, गावचा मानकरी नाही, गाऱ्हाणं घालणाऱ्याला तुमच्या कुळाचं नाव पण धड माहीत नाही, आणि मटण कोण खाणार तर तो आणि त्याची माणसं. उताऱ्याचा म्हणावा तर ज्याच्यावरून उतरवायचं तो माणूस पिंपरीत आणि बोकड तिकडे दोनशे किलोमीटरवर. आमच्या शास्त्राच्या, म्हणजे घाडीपणाच्या हिशेबानेच हा विधी कशातच बसत नाही. मी श्रद्धा बाजूला ठेवून नाही, श्रद्धा धरूनच सांगतो, असल्या बळीने तुमचं काही फिटत नाही. आणि ते व्हिडिओ म्हणाल तर एकच व्हिडिओ वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना गेलेला मी स्वतः बघितलाय, बोकडाच्या कपाळावरचा पांढरा ठिपका पण तोच.

आता दुसरा प्रश्न, रक्त लागतंच का.

हे इंटरनेटवर हल्ली फार चाललंय, तंत्राचे कोर्स, भैरव प्रयोग, "रक्ताशिवाय शक्ती जागी होत नाही" वगैरे. तरुण मुलं मला मेसेज करतात की कोंबडा कापल्याशिवाय सिद्धी नाही का. मी त्यांना विचारतो, तू कोंबडा आणणार कुठून? चिकन सेंटरवरून. म्हणजे सहा आठवड्यांचा पांढरा ब्रॉयलर, जो तसाही तासाभरात कुणाच्या तरी कुकरमध्ये जाणार होता. यात तू काय दिलंस? पूर्वी राखणीचा कोंबडा म्हणजे पिल्लू असतानाच ठरवायचे. आमची आजी त्याच्या पायात लाल दोरा बांधायची, मग वर्षभर तो अंगणात फिरायचा, मुंगसापासून, घारीपासून सांभाळायचा, पोरं त्याला नावाने हाक मारायची, मध्ये कितीही पाहुणे आले तरी त्याला हात लावायचा नाही. तो ज्या दिवशी जायचा त्या दिवशी घरातून खरंच काहीतरी गेलेलं असायचं. माझ्या समजुतीप्रमाणे बळीचा जोर तिथे आहे, स्वतःचं काहीतरी जाण्यात. रक्त ही त्याची खूण. आणि पैसे टाकून दुसऱ्याकडून दुसऱ्याच्या जागेवर दुसऱ्याचं जनावर कापून घ्यायचं म्हणजे ते सगळं निघून गेलं आणि नुसतं रक्त उरलं.

मी स्वतः उताऱ्यात जिवंत पिल्लू वापरणं बरीच वर्षं झाली बंद केलंय. कारण सांगतो. पाय बांधून तिठ्यावर टाकलेलं पिल्लू लगेच मरत नाही. रात्रभर तिथे तडफडतं, कुत्री अर्धवट खातात, सकाळी शाळेतली पोरं तिथून जातात आणि ते बघून त्यांच्या मनात जी भीती बसते ती वेगळीच. ज्या जिवाने तुमची पीडा घेतली असं तुम्ही म्हणताय त्याला असं टाकून जायचं हे मला पटेना. मी देवीसमोर प्रसाद लावून, म्हणजे कौल घेऊन विचारलं, उजवा म्हणजे होकार मिळाला, आणि तेव्हापासून कोहळा, नारळ, दहीभाताचा मुटका एवढ्यावरच सगळं करतो. फरक पडला का? लोक ज्यासाठी येतात ते मन हलकं होणं, झोप लागणं, घरातली धुसफूस कमी होणं, ते पूर्वीइतकंच होतं. आणि पूर्वी जे होत नव्हतं ते आताही होत नाही. मोडलेला धंदा कोंबड्यानेही उभा राहत नव्हता.

"पण कोहळा म्हणजे पळवाट, खरं ते रक्तच" असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच, म्हणून हे जरा नीट वाचा. बदली बळी ही काही आजच्या शहरी लोकांनी सोयीसाठी काढलेली गोष्ट नाही. शतपथ ब्राह्मणात कथा आहे, देव यज्ञाचा सार-अंश शोधत जातात, तो आधी माणसात असतो, तिथून घोड्यात, मग बैलात, मेंढ्यात, बोकडात, आणि शेवटी जमिनीत शिरतो आणि तांदूळ आणि जवात सापडतो, म्हणून पिठाचा पुरोडाश, म्हणजे यज्ञात द्यायची पिठाची भाकरी, हाच पशू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तुपाचा किंवा पिठाचा पशू करा असं आहे. तेराव्या शतकात उडुपीच्या मध्वाचार्यांनी यज्ञात पिठाचा पशू चालवला. आणि कालिकापुराण, जे बळीसाठी लोक कायम पुढे करतात, ज्यात कुठल्या जनावराने देवी किती काळ तृप्त होते याची यादीच आहे, त्याच पुराणात कोहळा आणि ऊस हेही बळी म्हणून सांगितलेत आणि ते बोकडाच्या तोडीचे मानलेत. तंत्रात तर पर्याय घेण्याची पद्धतच आहे, मांसाच्या जागी आलं-लसूण घेतात.

आणि पुस्तकं सोडा, कोल्हापूरला जा. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, तिथे कुमारिकेच्या हातून त्रिशूळ लावून कोहळा फोडतात, कोल्हासुराचा वध म्हणून. आणि त्या कोहळ्याचा तुकडा मिळावा म्हणून लोक अक्षरशः तुटून पडतात. एवढं मोठं शक्तिपीठ, एवढा मोठा विधी, आणि मधे कोहळा. आता बघा, आपल्याकडे कितीतरी घरांत अख्खा कोहळा बाईने आधी चिरायचा नाही, पुरुषाने पहिला घाव घालायचा असं असतं ना? तुमच्या आजीने पण सांगितलं असेल. ते उगाच नाही. कोहळ्याला जीव मानलाय म्हणूनच तो नियम आला.

मी कोहळा कसा देतो ते सांगतो, म्हणजे कुणी यात गूढ काही आहे म्हणून पैसे मागितले तर कळेल. कोहळा धुवून पुसून देवापुढे ठेवायचा, हळदकुंकू, फूल, दिवा. घरातल्या प्रत्येकाने त्याला हात लावायचा. मग घरावरून, माणसावरून उतरवून बाहेर न्यायचा, वरची चकती कापायची, आत हळद आणि वरून थोडा खायचा चुना घालून बोट फिरवायचं. हळद आणि चुना एकत्र आले की लालभडक होतात, तेच रक्त. मग एका घावात दोन फाका. बस. खर्च शंभर-दीडशे रुपये, आणि हे घरातला कोणीही माणूस करू शकतो, मांत्रिकाची गरज नाही. फोडलेला कोहळा रस्त्याच्या मधोमध टाकू नका एवढं बघा, टूव्हीलरवाले घसरून पडतात, झाडाच्या बुंध्याशी ठेवा.

हे सगळं झालं तरी एक गोष्ट मान्य करतो, सगळीकडे एकच उत्तर चालत नाही. ज्या कुळात मानाचा बोकड खरंच चालत आलाय, तिथे एकट्याने उठून "आजपासून बंद" म्हणणं मला बरोबर वाटत नाही. धनगरवाड्यात, आमच्याकडच्या गावकऱ्यांच्या वाड्यांत ते वर्षातलं सगळ्यांनी एकत्र बसायचं जेवण असतं, आणि वर्षभर बाजारातलं मटण खाणाऱ्याने त्या एका दिवसावर नाक मुरडायचं हे मला खटकतं. देवांमध्येही फरक आहे. आमचा रवळनाथ शाकाहारी, त्याच्या आवारात वेताळाला किंवा चव्हाट्याला (चव्हाट्यावरच्या देवाला) द्यायचं असेल तर मुख्य देवाच्या दारावर पडदा ओढतात. जेजुरीला खंडोबाला पुरणपोळी आणि भरीत-रोडगा, बकऱ्याचा मान असतो तो मणी दैत्याला. म्हणजे "देवीला रक्त हवंय" असं सरसकट म्हणणाऱ्याला आधी विचारायचं, कुठल्या देवीला? कुठल्या जागेवर? मुख्य देवाला की त्याच्या गणाला? तुमच्या मांत्रिकाला हे विचारून बघायची पण गरज नाही, त्याने "चाळा" आणि "कुळाचा बोकड" एकाच वाक्यात घेतलेत, आणि आमच्याकडे चाळ्याचं आणि कुळाचं कोणी असं एकत्र करत नाही.

दुसरीकडे, आपल्या लोकांनीच हे बदललंय तेही विसरू नका. गाडगेबाबांनी मुलीच्या बारशाला दारू-मटणाचं जेवण द्यायला नकार दिला, तिथून पुढे आयुष्यभर जत्रांमधल्या पशुहत्येविरुद्ध फिरले. ते काही बाहेरून आलेले नव्हते.

आता कायद्याचं, कारण यात लोक दोन्ही बाजूंनी चुकीचं सांगतात. महाराष्ट्रात पशुबळीवर सरसकट बंदी घालणारा वेगळा कायदा नाही. कर्नाटकात 1959 पासून आहे, त्यामुळे सौंदत्तीला किंवा चिंचलीच्या मायाक्काला जाणाऱ्या आपल्याकडच्या लोकांनी ते लक्षात ठेवावं. प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये म्हणून 1960 चा केंद्राचा कायदा आहे, त्याच्या कलम 28 मध्ये धर्माच्या रीतीप्रमाणे मारणं हा त्या कायद्याखाली गुन्हा धरलेला नाही. पण म्हणून कुठेही कापा असं नाही. शहराच्या हद्दीत परवान्याच्या कत्तलखान्याबाहेर कापायला मनाई आहे, म्हणजे पिंपरीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोकड चालणार नाही. देवस्थानांचे आदेश वेगळे. मांढरदेवीला 25 जानेवारी 2005 च्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन जवळपास तीनशे माणसं गेली, त्यानंतर तिथे पशुहत्येला बंदी आली, झाडांना खिळे ठोकून लिंबू-बाहुल्या लावायलाही मनाई असते. सप्तशृंगगडावर दसऱ्याचा बोकडबळी 2017 पासून बंद होता, 2022 मध्ये हायकोर्टाने अटी घालून परवानगी दिली. तर जागेप्रमाणे बदलतं, आधी तिथल्या ट्रस्टला विचारायचं.

जादूटोणाविरोधी कायदा, जो डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाल्यावर आधी वटहुकूम म्हणून आला आणि मग त्याच वर्षी कायदा झाला, तो साध्या पूजेला, कुळाचाराला हात लावत नाही. आमच्या गाऱ्हाण्यालाही नाही. पण भुताची, करणीची भीती घालणं, माणूस मरेल अशी धमकी देऊन पैसे काढणं, औषधोपचार थांबवायला लावणं हे त्यात सरळ येतं. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत आणि दंड 5 हजारांपासून 50 हजारांपर्यंत. "बोकड दिला नाही तर घरातलं माणूस जाईल" हे वाक्य त्याने फोनवर म्हटलंय ना, ते कॉल रेकॉर्डिंग असेल तर जपून ठेवा. मी या धंद्यातला माणूस असून सांगतो, हा कायदा आम्हाला हवाच होता, कारण अशा लोकांमुळे गावोगावच्या साध्या घाड्याकडे पण लोक संशयाने बघायला लागले.

आणि जंगली जनावर कोणी मागितलं तर तिथे मी कसलाच जर-तर ठेवत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री घुबड, गुप्तधनाला मांडूळ, वीस नखांचं कासव, घोरपडीच्या अवयवाची "हत्थाजोडी", हे सगळं मागणारे फिरतायत. मांडूळ म्हणजे बिचारा बिनविषारी साप, शेतातले उंदीर खाणारा, शेपटी बोथट म्हणून त्याला दोन तोंडं आहेत म्हणतात आणि लाखांच्या गोष्टी करतात. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, 3 ते 7 वर्षं आत जाल. आमच्या परंपरेत, मी जेवढी शिकलोय त्यात, राखणीला किंवा मानाला जंगलातलं जनावर कधी नव्हतंच. घरचं द्यायचं असतं.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो, सासरचं काही देणं खरंच आहे का. हे मी सांगू शकत नाही, तो मांत्रिक तर नाहीच नाही. हे सांगणार तुमचे चुलत सासरे, गावातले भावबंद आणि देवळातले मानकरी. मिस्टरांना सांगा, गावाला फोन लावा आणि सरळ विचारा, आपल्या घराकडची राखण कोण देतं, शेवटची कधी दिली, आपला वाटा कोण भरतं. बऱ्याच वेळा असं निघतं की गावात राहणारे भाऊ दरवर्षी राखण देतायत, मुंबई-पुण्याच्या लोकांच्या नावाने पण गाऱ्हाणं घालतायत, आणि यांना माहीतच नाही. मग थकलं काय? काहीच नाही. फार तर तुमच्या वाट्याचे चारशे-पाचशे रुपये आणि दोन वर्षं न आल्याबद्दल काकांची चार वाक्यं.

आणि खरंच काही राहिलं असेल, सासूबाईंनी कधी नवस बोललेला असेल, तर त्याला आपल्याकडे रस्ता आहे, कौल. गावच्या देवळात मानकऱ्यांना सांगून प्रसाद लावायला सांगा. ओल्या कळ्या किंवा तांदूळ देवाच्या पाषाणाला लावतात, मग गाऱ्हाणं घालून विचारतात, कुठल्या बाजूची कळी सुटते त्यावर होकार-नकार. सगळ्यांसमोर, उजेडात, आणि चूक-बरोबर बघायला दहा माणसं असतात. तिथे तुम्ही स्पष्ट म्हणा, घरची सून माळकरी घरातली आहे, आम्हाला रक्ताचा मान द्यायचा नाही, त्या जागी कोहळा-नारळ आणि गावजेवण देतो, मान्य आहे का. असे बदललेले मान मी कितीतरी बघितलेत, बोकडाच्या जागी पाच नारळ, कोंबड्याच्या जागी कोहळा आणि खीर. देव आडमुठा नसतो, माणसं असतात, पण सगळ्यांसमोर कौल मिळाला की माणसंही गप्प बसतात.

एक सांगतो, "देवाला बोकड सोडतो" हा पर्याय शक्यतो घेऊ नका. ऐकायला छान वाटतं, कापायला नको म्हणून जिवंत सोडायचा. पण सोडल्यावर त्याला चारा कोण घालणार? दोन दिवसांनी तो कोणाच्या तरी टेम्पोत असतो.

कापायचंच ठरलं, म्हणजे भावबंदांनी ठरवलं, तर तुम्हाला त्यात हात लावायची, जेवायची सक्ती नाही. आमच्या इथे अशा सुना आहेत, त्या नारळ ठेवतात, वाडी शाकाहारी वेगळी दाखवतात आणि बाजूला बसतात, कोणी काही बोलत नाही. आणि मिस्टर तिथे हजर असतील तर त्यांनी एवढं बघावं की जनावर आदल्या रात्रीपासून उन्हात-गाडीत तहानलेलं बांधून ठेवलेलं नको, पाणी पाजलेलं हवं, दुसऱ्या जनावरासमोर कापायचं नाही, आणि सुरी चालवणारा हाताने पक्का हवा, दारू प्यालेला नको. काही ठिकाणी बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडतात आणि त्याने अंग झाडलं की देवाने घेतला असं धरतात. माझे आजोबा एकदाच शिंपडायचे आणि थांबायचे, नाही झाडलं तर त्या दिवशी सोडून द्यायचे. आता लोक कानात पाणी ओततात, झाडेपर्यंत बादल्या रिकाम्या करतात. मग विचारायचंच कशाला.

कोपाबद्दल तुम्ही शेवटी विचारलंत आणि मला वाटतं खरी भीती तीच आहे, बाकीचे प्रश्न तिच्या पोटातून आलेत. राखणदार म्हणजे राखणारा. जो वर्षानुवर्षं घर राखतो तो एका न दिलेल्या बोकडासाठी घरातल्या म्हातारीचा जीव घेईल हे माझ्या श्रद्धेत बसत नाही. आमच्या गाऱ्हाण्यात दरवर्षी एक वाक्य असतंच, की काही चुकलं-माकलं असेल, लेकरं अजाण आहेत, तर पोटात घे आणि सांभाळ. ते वाक्य जुन्या माणसांनी घालून ठेवलंय ते तुमच्यासारख्या लांब राहणाऱ्यांसाठीच. तुम्हाला आज मनाला काही करायचं असेल तर घरातच एक नारळ हातात घ्या, सासरच्या देवाचं नाव घ्या, मिस्टरांच्या तोंडून हे वाक्य म्हणवून घ्या आणि गावाला जाल तेव्हा देवळात ठेवायला तो नारळ बाजूला काढून ठेवा. एवढ्याने त्या अमावस्येचं भागतं.

थोडक्यात क्रम असा लावा: आधी सासूबाईंचा पाय, मग गावाला फोन, मग जमेल तेव्हा सगळ्यांनी मिळून गावाला जाऊन कौल. वर्कशॉपचं मात्र यात गुंतवू नका, कुठली ऑर्डर अडकलीय, कुणाकडून येणं बाकी आहे ते हिशेबाच्या वहीत बघा, तो प्रश्न देवळात नेऊ नका.

आणि तो माणूस परत फोन करेल, नक्की करेल, आणि या वेळी बहुतेक "तुमच्या मुलाच्या जिवावर आहे" असं म्हणेल, कारण आईचं मन तिथे तुटतं हे त्याला माहीत असतं. त्याच्याशी वाद घालू नका, देव आहे की नाही यावर बोलू नका. "आम्ही गावच्या देवळात कौल घेतोय" एवढंच सांगा आणि नंबर ब्लॉक करा. तरी धमकी आलीच तर जवळच्या पोलीस स्टेशनला जा, जादूटोणाविरोधी कायद्यात पोलीस निरीक्षकालाच दक्षता अधिकारी केलेलं असतं, तक्रार तिथेच द्यायची, रेकॉर्डिंग आणि पैसे मागितल्याचे मेसेज सोबत न्या.